भारत १४ टक्के, युरोप ४३ टक्के: हे आकडे शेजारी ठेवण्याआधी

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलंय. त्या एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहेत, प्रबंधाचा विषय नवऱ्याकडून होणारा मानसिक छळ. कोरेगाव आणि खटाव तालुक्यातल्या दोनशे बायकांशी बोलायचंय, त्यासाठी एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, त्यातले तीन प्रश्न घेतलेत, आणि शेवटच्या प्रकरणात असा त्रास सोसलेल्या बायका भारतात १४ टक्के, युरोपात ४३ टक्के आणि खटाव-कोरेगावचा जो येईल तो आकडा असा तक्ता करायचाय. गाईड म्हणतात तुलना पाहिजेच. पण ताईंना स्वतःलाच ते पचत नाहीये, युरोपातल्या बायकांना आपल्यापेक्षा तिप्पट मानसिक त्रास आहे असं कसं असेल. शिवाय त्यांनी विचारलंय की सगळ्या देशांना चालेल अशी एकच पक्की प्रश्नावली कुठं मिळेल का.

मी सांगलीची. घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम वीसेक वर्षं करतेय, आधी स्वतः फॉर्म घेऊन फिरले, मग सुपरवायझर झाले, आता प्रश्न विचारायला जाणाऱ्या मुलींना ट्रेनिंग देते आणि आलेला डेटा तपासते. त्यामुळं जे सांगतेय ते बरंचसं उंबऱ्यावर बसून शिकलेलं आहे.

ताई, तुमची शंका एकदम बरोबर आहे, ती सोडू नका. आधी ते दोन आकडे नीट उघडून बघू. एनएफएचएस-५, म्हणजे २०१९-२१ चं. त्यात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या किंवा कधीकाळी झालेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून शारीरिक हिंसा २८ टक्के, भावनिक १४ आणि लैंगिक ६. आता हेच आकडे एकमेकांशेजारी वाचा. मारहाण ही मानसिक त्रासाच्या दुप्पट निघतेय. म्हणजे मार खाणाऱ्यांतल्या निदान निम्म्या बायकांना नवरा मारतो पण कधी टाकून बोलत नाही, धमकी देत नाही, कमी लेखत नाही. तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा असं घर पाहिलंय का. मला तरी वीस वर्षांत फार थोडी दिसली. तेव्हा पहिला संशय प्रश्नांवर घ्यायचा.

युरोपचा ४३ टक्क्यांचा आकडा युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क एजन्सीचा आहे, २०१२ मध्ये २८ देशांतल्या ४२ हजार बायकांच्या मुलाखती, अहवाल २०१४ चा. तिथं जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा २२ टक्के आणि मानसिक ४३, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. पण त्या ४३ मध्ये काय काय घातलंय? अपमान, धमकी, घाबरवणं हे तर आहेच, शिवाय मैत्रिणींना भेटू न देणं, कुठं आहेस हे सारखं विचारणं, संशय घेणं, पैशाचे निर्णय हातात न देणं, नोकरी करू न देणं, मुलांवरून अडवणूक करणं, हे सगळं त्याच टोपलीत. एनएफएचएसच्या १४ मध्ये फक्त तीन गोष्टी आहेत: लोकांसमोर अपमान, तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या माणसाला इजा करायची धमकी, आणि शिवीगाळ किंवा मन खच्ची होईल असं बोलणं. संशय, पाळत, माहेर तोडणं हे पण तिथं विचारतात, पण वेगळ्या रकान्यात, नियंत्रण म्हणून, आणि ते १४ मध्ये येत नाही. वर वयोगट तिकडं १८ ते ७४, जोडीदारात नवरा आला, बॉयफ्रेंड आला, सोडलेला पण आला. आपल्याकडं नवराच. एक टोपली तीन वस्तूंची आणि दुसरी कितीतरी वस्तूंची, मग कुठली जड आहे हे विचारण्यात काय अर्थ.

अजून जवळचं उदाहरण देते, त्यासाठी युरोपात जायची पण गरज नाही. १९९८-९९ च्या सुमारास इंडियासेफ नावाचा अभ्यास झाला, नागपूर, भोपाळ, दिल्ली, लखनौ, चेन्नई, वेल्लोर, तिरुअनंतपुरम अशा सात ठिकाणी, जवळजवळ दहा हजार बायका. त्यात मानसिक त्रासाचा निदान एक प्रकार सोसलेल्या बायका ४३.५ टक्के निघाल्या. त्यानंतर काही वर्षांनी, २००५-०६ ला, एनएफएचएस-३ मध्ये भावनिक हिंसा १६ टक्के. देश तोच. इंडियासेफ काही निवडक ठिकाणचा, एनएफएचएस अख्ख्या देशाचा, तो फरक आहेच, पण सोळा आणि साडेत्रेचाळीस यातली दरी नुसत्या जागेच्या फरकानं भरून निघत नाही. काय विचारलं, किती प्रकारे विचारलं, यावर आकडा नाचतो.

आणि हा घोळ तुमच्या एकटीचा नाही, तो जगाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये ५.२.१ हा निर्देशक आहे, जोडीदाराकडून गेल्या बारा महिन्यांत शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक हिंसा किती बायकांना सोसावी लागली. मानसिक हा शब्द त्यात लिहिलेला आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये जे जागतिक अंदाज काढले त्यात फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा धरली, कारण मानसिक हिंसा कशी मोजायची आणि किती झाली की हिंसा म्हणायची यावर देशादेशांत एकमतच नव्हतं. म्हणजे तुम्ही ज्या भिंतीला अडलाय तिथंच सगळे अडलेत, त्यामुळं स्वतःला दोष देऊ नका.

आता खरा प्रश्न काय आहे बघा. तुम्हाला वाटतंय की चांगली प्रश्नावली सापडत नाहीये. प्रश्नावल्या आहेत हो, ढीगभर आहेत. अडचण अशी की एकच वाक्य दोन ठिकाणी विचारलं तर बाईच्या कानावर तीच गोष्ट पडते का, आणि सारखाच त्रास असलेल्या दोन बायका सारखंच उत्तर देतात का. हे झालं तरच तुलना.

तासगावकडचा एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही घालत नाही. माझ्याबरोबरची मुलगी प्रश्न विचारत होती, मी शेजारी बसून तपासत होते. बाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, आम्ही पाटावर. प्रश्न आला, नवऱ्यानं चारचौघात तुमचा अपमान केलाय का कधी. बाई म्हणाली नाही. मुलीनं नाहीवर खूण केली, पुढचा प्रश्न. अर्ध्या तासानं, फॉर्म मिटल्यावर, तिनं परातीतलं पीठ गोळा करता करता सहज सांगितलं की काल रात्री आमटी खारट झाली म्हणून ताट भिरकावलं, सासू होती, दीर होता, पोरं जेवत होती, तुझ्या बापानं हेच शिकवून पाठवलं का म्हणाला. भिंतीवर हळदीचा पिवळा ओघळ तसाच होता, पुसला होता पण निघाला नव्हता. मी विचारलं, मावशी, मगाशी तुम्ही नाही म्हणालात. ती म्हणाली, ते घरातलंच की, चारचौघात म्हंजे बाहेरच्या माणसांत, बाहेर नाही बोलत कधी. आणि अपमान कसला, नवराच हाय.

फॉर्मवर तिचं उत्तर नाही असंच होतं. ती खोटं बोलली नव्हती. मुलीनं पण चूक केली नव्हती. दोन शब्दांनी गोची केली. पहिला चारचौघात, कारण एकत्र कुटुंबात घरचे लोक तिच्या हिशेबात चारचौघं नसतातच. दुसरा अपमान, कारण तो शब्द आपल्याकडं परक्यानं केला तरच वापरतात, नवऱ्याचं बोलणं त्यात बसत नाही. जपानमधल्या योकोहामातल्या फ्लॅटमध्ये दोघंच राहणाऱ्या बाईला लोकांसमोर म्हणजे काय हा प्रश्नच पडणार नाही.

तेव्हापासून आम्ही अपमान, छळ, अत्याचार, हिंसा हे शब्द प्रश्नात ठेवतच नाही. घडलेली गोष्ट विचारतो. घालून-पाडून बोलतात का, आईबापावरून शिव्या देतात का, सासू-दीर-पोरं किंवा शेजारी कुणापुढंही पाणउतारा करतात का, ताट-भांडी फेकून किंवा नुसतं डोळे वटारून भीती घालतात का, माहेरी धाडीन किंवा दुसरी करीन असं म्हणतात का, मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून बोलतात का. हा शेवटचा तर आपल्या कायद्यातच आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक आणि भावनिक छळात मूल किंवा मुलगा नसण्यावरून केलेली टिंगल स्पष्ट लिहिलीय. पण हाच प्रश्न स्वीडनमध्ये विचारून फारसं काही हाती लागणार नाही. म्हणजे घरचा प्रश्न चुकीचा नसतो, तो फक्त तुलनेच्या कामाचा नसतो, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी मोठी भानगड नियंत्रणाच्या प्रश्नांची. जागतिक आरोग्य संघटनेचा जो बहुदेशीय अभ्यास २००५ ला आला, १० देश, १५ ठिकाणं, २४ हजारांवर बायका, त्यांनी फार शहाणपणाचं काम केलं, भावनिक छळ आणि नियंत्रण हे दोन वेगळे ठेवले. भावनिकमध्ये चार गोष्टी: शिव्या किंवा मन दुखावणारं बोलणं, दुसऱ्यांसमोर कमी लेखणं, मुद्दाम घाबरवणं, आणि तिला किंवा तिच्या माणसाला इजा करायची धमकी. यातलं काहीतरी सोसलेल्या बायका ठिकाणागणिक २० ते ७५ टक्के. नियंत्रणाचं निदान एक लक्षण मात्र जपानमध्ये २१ टक्के आणि टांझानियाच्या शहरात जवळजवळ ९० टक्के. एवढी मोठी दरी दिसली की थांबायचं. ती दरी नवऱ्यांच्या वागण्यातली किती आणि तिथं कशाला रीत म्हणतात त्यातली किती, हे नुसत्या टक्क्यावरून कळत नाही.

आपल्याकडंच बघा. दवाखान्यात जायला नवऱ्याची परवानगी लागते का, या प्रश्नाला आमच्या भागात हो म्हणणाऱ्या खूप. पण त्यातली एक फोनवर सांगते, अहो मी जाऊन येते, तो बरं म्हणतो. दुसरी ताप अंगावर काढते कारण न विचारता गेली तर घरात काय होईल हे तिला माहितीय. फॉर्मवर दोघी हो. उलटंही होतं. विटा-आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी परराज्यात असतात, बायको गावी. अशा एका घरी आम्ही बसलेलो असताना तीनदा व्हिडिओ कॉल आला, कॅमेरा फिरव, कोण बसलंय दाखव, दार दाखव. नवरा सारखी चौकशी करतो का या प्रश्नाला तिनं नाही म्हणून सांगितलं, काळजी वाटते त्यांना लांब असतात म्हणून. बोलताना फोन दोन्ही हातांनी धरला होता तिनं.

म्हणून नियंत्रणाच्या प्रश्नाला मी नेहमी एक पुढचा प्रश्न जोडते: आणि तुम्ही तसं नाही केलं तर काय होतं? या एका प्रश्नानं रीत आणि दहशत वेगळी होते. जगभर वापरण्याच्या प्रश्नावल्यांत हा जोडप्रश्न सहसा नसतो, त्यानं वेळ वाढतो, खर्च वाढतो, मान्य आहे. पण तुमच्या दोनशे बायकांसाठी तुम्ही तो विचारू शकता.

किती वेळा, हे तर सोडूच नका. आयुष्यात कधीतरी एकदा म्हटलं की लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईचा एक कडाक्याचा शब्द आणि रोज सकाळ-संध्याकाळ टोमणे खाणारी बाई एकाच खात्यात जमा होतात. लोरी हाइस या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या याच बहुदेशीय अभ्यासाच्या डेटावर काम केलं, शाश्वत विकासाच्या निर्देशकासाठी उंबरठा कुठं ठेवायचा, म्हणजे किती झालं की हिंसा म्हणायची, हे शोधायला, आणि किती प्रकार आणि किती वारंवार हे दोन्ही धरून तीव्रतेच्या पायऱ्या पाडायच्या ही त्यातली वाट मला सगळ्यात पटते. फक्त एक सावधगिरी, धमकी ही मोजणीत हलकी पडते. ऊसतोडीचा कोयता हातात घेऊन एकदाच दिलेली धमकी बाई दहा वर्षं विसरत नाही, त्या घरात परत काही बोलावं लागत नाही. तेव्हा धमकीचं एकदाच हे बाकीच्याच्या एकदाच सारखं धरू नका. आणि गेले बारा महिने असं म्हणू नका, गेल्या दिवाळीपासनं, गावच्या जत्रेपासनं असं म्हणा, बायका वर्ष तसंच मोजतात.

आता आकडेमोडीचा भाग, घाबरू नका. जुन्या काळी शेर भागागणिक वेगळा असायचा. दोन बाजारांतले शेर सारखे आहेत का हे न बघता इकडं पाच शेर तिकडं सात शेर म्हणून तिकडं धान्य जास्त असं म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात या तपासणीला मापनाची समानता तपासणं म्हणतात. आधी बघायचं की हे प्रश्न दोन्हीकडं एकाच गठ्ठ्यात बसतात का. मग प्रत्येक प्रश्नाचं वजन दोन्हीकडं सारखं आहे का. आणि शेवटी, सगळ्यात अवघड, सारख्याच पातळीचा त्रास असलेल्या दोन बायका त्या प्रश्नाला हो म्हणायची शक्यता सारखी आहे का. ही तिसरी पायरी पार झाल्याशिवाय सरासऱ्या किंवा टक्के शेजारी ठेवायचे नाहीत. बहुतेक वेळा काही प्रश्न पास होतात, काही होत नाहीत, मग पास झालेल्यांवर तुलना करायची आणि उरलेले आपल्या देशापुरते वापरायचे. माझ्या अनुभवात शिवीगाळ, घाबरवणं, धमकी बरे टिकतात, परवानगी आणि चौकशी हमखास घसरतात.

डेन्मार्कचंही इथं सांगते. त्या युरोपच्या सर्वेक्षणात डेन्मार्कमध्ये मानसिक हिंसा ६० टक्के निघाली, सगळ्यात वरच्या देशांत. बायकांना बऱ्यापैकी बरोबरीनं वागवणारा म्हणून ओळखला जाणारा देश. तिथली बाई अशा वागण्याला लगेच ओळखते आणि परक्या माणसाला सांगायला कचरत नाही, हे त्यात नक्की मिसळलेलं असणार. किती, हे त्या आकड्यातून सुटं करता येत नाही.

तर तुमच्यापुरतं. दोनशेच्या नमुन्यावर समानतेची ती मोठी गणितं भरवशाची होणार नाहीत, गाईडना तसं सरळ सांगा. जागतिक आरोग्य संघटनेचे चार प्रश्न अर्थ न हलवता घ्या, शब्द तुमच्या भागाचे, प्रत्येकाला किती वेळा जोडा. नियंत्रण वेगळं विचारा आणि वेगळंच छापा, बेरीज करू नका. घरचे प्रश्न, म्हणजे मुलगा नसणं, माहेर, दुसरी करण्याची धमकी, आठवडा-आठवडा अबोला, हा तिसरा भाग. यासाठी आधीचं काम हवं असेल तर पुण्यात तयार झालेलं ६३ प्रश्नांचं एक मापन आहे, भारतीय कुटुंबातली हिंसा आणि नियंत्रण मोजायचं, २०१६ ला प्रसिद्ध झालंय, तुम्हाला सगळे ६३ लागणार नाहीत पण वाचून घ्या. सासूचा त्रास विचारायचा की नाही हे तुमच्या उद्देशावर आहे. विचाराच असं मी म्हणेन, पण नवऱ्याच्या रकान्यात मिसळू नका, तिथं आंतरराष्ट्रीय निर्देशक फक्त जोडीदार मोजतो.

आणि दोनशेच्या आधी पंधरा बायकांबरोबर फक्त प्रश्नांवर बोला. प्रश्न वाचून दाखवा, मग विचारा, मी आत्ता काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू. हो-नाही घेऊच नका त्या दिवशी. वयस्कर, नवीन लग्न झालेली, एकत्र घरातली, नवरा फौजेत किंवा मुंबईला असलेली, अशा वेगवेगळ्या घ्या. हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतील पण तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात किमती प्रकरण हेच होईल, तुलनेचा तक्ता नव्हे. तुलना हवीच असेल तर तक्त्यात देशांशेजारी किती प्रश्न, कुठलं वय, कुठला जोडीदार, कुठला काळ हे चार रकाने घाला आणि टक्का पाचवा ठेवा.

राहता राहिली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी प्रश्नात नव्हती. एका घरात एकाच बाईला विचारा, दुसरीला नाही. गावात विषय सांगताना बायकांचं आरोग्य म्हणा, हिंसा हा शब्द गावात फिरला तर संध्याकाळी त्या बाईला उत्तर द्यावं लागतं. तीन वर्षांवरच्या पोराला पण कळतं आणि ते जाऊन सांगतं. सासू पाण्याचा तांब्या घेऊन येऊन टेकली तर लगेच पान उलटा, पोराला लसी कुठल्या दिल्या ते विचारायला लागा, ते पान आधीपासून तयार ठेवा. एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न सोडून द्या, तेवढा नमुना कमी झाला तरी चालेल. १८१ हेल्पलाइन आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर रक्तगट, अँब्युलन्स अशा दहा नंबरांच्या कागदात मिसळून द्या, वेगळं कार्ड नको. आणि रोज संध्याकाळी स्वतः कुणाशी तरी बोला, खटावमधून रात्रीच्या एसटीनं एकटीनं ते सगळं डोक्यात घेऊन परत येणं सोपं नसतं, मी केलंय.

पंधरा बायका झाल्या की चारचौघात या शब्दाला त्या काय म्हणाल्या ते इथंच लिहा. कोरेगावात आणि खटावात उत्तर वेगळं आलं तर ते मला बघायचंय.